गव्हाणे सर आणि किनाऱ्यावरची बाई

गव्हाणे सरांना एका जागी बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. कप हातात घेऊन ते स्टाफरूमभर हिंडायचे, बोलता बोलता तो कुठल्या तरी खिडकीत ठेवायचे आणि थोड्या वेळानं शिपायाला विचारायचे, "अरे, चहा आला नाही का अजून?" कोल्हारच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. आमचे वर्ग एकमेकांना लागून होते आणि मधली भिंत नावापुरतीच. माझी मुलं समीकरणं सोडवत असायची आणि पलीकडून आवाज यायचा, "बोलू नका! नुसतं बघा!" शाळेत सगळ्यात जास्त बोलणारा माणूस दुसऱ्यांना गप्प राहायला सांगतोय, हे ऐकून मी रोज एकदा तरी खडू मोडायची.

मी सरळ रेषेतली बाई आहे. उत्तर आलं की खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढचं गणित घ्यायचं. सरांचं उत्तर कधी यायचंच नाही. एकाच चित्राचा सोमवारी एक अर्थ, गुरुवारी दुसरा. मस्टरवर सही करताना ते माझ्या खांद्यावरून वाकून म्हणायचे, "मॅडम, काल मी चुकीचं सांगितलं हां. ते चित्ते देवाचे नाहीतच." मला कुठले चित्ते हेसुद्धा आठवत नसायचं. सुरुवातीची काही वर्षं हा माणूस म्हणजे डोक्याला ताप, असंच माझं मत होतं.

उंच, काटकुळा बांधा. शर्टाच्या खिशावर रंगाचे डाग, आणि त्या खिशात पुठ्ठ्याची एक चौकट. मधोमध चौकोन कापलेला. ती डोळ्यासमोर धरून ते कशाकडेही बघायचे. भाजीबाजाराकडे, प्रवरेच्या पुलाकडे, पुलावर अडकलेल्या उसाच्या ट्रॉल्यांकडे. निरोप समारंभाच्या फोटोच्या वेळी त्यांनी चौकटीतून बघून मुख्याध्यापकांना भर सभेत सांगितलं होतं, "सर, तुम्ही जरा डावीकडे सरका. तुमच्यामुळे एक बाजू फार जड होतेय." मुख्याध्यापक देहानं भारदस्त. ते सरकले, पण पुढचे दोन महिने गव्हाणे सरांची रजा काही मंजूर झाली नाही.

त्यांच्या वर्गात भिंतीवर एक मोठं चित्र होतं. कुठल्याशा जाड इंग्रजी पुस्तकातून मोठं करून घेतलेलं. इटलीतलं, पाचशे वर्षांपूर्वीचं, तिकडच्या पुराणातल्या एका गोष्टीवरचं. डावीकडे समुद्राच्या काठावर निळ्या वस्त्रातली एक बाई, आपल्याकडे पाठ करून उभी. तिचा एक हात समुद्राच्या दिशेनं गेलेला, मान मात्र गर्रकन मागे वळलेली. मागून एक वरात येतेय. झांजा वाजवणाऱ्या बाया, अंगाला साप गुंडाळलेला एक दांडगा गडी, गाढवावर झिंगून पेंगणारा म्हातारा. वरातीच्या पुढे दोन चित्ते जुंपलेला रथ, आणि त्या रथातून बाईच्या दिशेनं उडी घेतलेला तरुण देव. गुलाबी शेला वाऱ्यावर, देव अजून हवेतच. वर आभाळात भरदिवसा चांदण्यांचं एक कडं. आणि अगदी डाव्या कडेला, पाण्यावर, नखाएवढं एक जहाज.

ते जहाज सरांनी दाखवल्याशिवाय कुणाला दिसायचं नाही. मलाही दिसलं नव्हतं.

देवाचं नाव काय, बाईचं नाव काय, हे ते मुलांना वर्षभर सांगायचे नाहीत. म्हणायचे, "नाव कळलं की माणूस बघायचं सोडतो. 'अच्छा, हा का तो' म्हणतो आणि पुढं जातो." गोष्ट मात्र सांगायचे. जहाजातल्या माणसाला या बाईनं मोठ्या संकटातून वाचवलं, त्याच्यासाठी आपलं घरदार सोडलं, आणि त्यानं तिला या बेटावर झोपेत टाकून जहाज हाकारलं. ती जागी झाली तेव्हा जहाज एवढं लांब गेलं होतं. तेवढ्यात मागून ही वरात आली. देव तिच्यावर भाळला, त्यानं तिच्या डोक्यावरचा मुकुट आभाळात फेकला, त्याच्या चांदण्या झाल्या.

एकदा प्रमेय शिकवत असताना ते माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. "मॅडम, कर्ण काढायला या." मला वाटलं कर्णाचं चित्र काढायचंय. माझ्या हातातली मोठी पट्टी बघून म्हणाले, "तीच आणा." पोरांना घेऊन मी पलीकडे गेले. त्यांनी मला चित्रावर पट्टी धरायला लावली, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. "आता सांगा, वरच्या त्रिकोणात काय आहे?"

निळं आभाळ, समुद्र, ती बाई आणि उडी घेतलेला देव.

"आणि खाली?"

खाली झाडं, माती, चित्ते आणि सगळा गोंधळ. एवढा मोठा तमाशा त्या चित्रकारानं अर्ध्या भागात कोंबला होता आणि उरलेल्या शांत निळ्या अर्ध्यात दोनच माणसं ठेवली होती. देव खालच्या त्रिकोणातून वरच्या त्रिकोणात उडी मारत होता. मला खोटं बोलता येत नाही, अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी कर्ण काढत होते, त्याच्या अलीकडे-पलीकडे कुणी राहत असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

मग सरांनी नेहमीचा खेळ सुरू केला. तळहातानं चित्रातली एकेक गोष्ट झाकायची आणि विचारायचं, काय बिघडलं? चित्ते झाकले. एक पोरगा म्हणाला, "बैल असते तर एवढ्या वाजंत्रीत कवाच उधळले असते. हे निस्ते एकमेकांकडं बघत्यात." सर खूश. "शाबास! एवढ्या गडबडीत दोघंच एकमेकांकडे बघतायत. का?" चांदण्या झाकल्या. एक मुलगी म्हणाली, "मंगळसूत्रच म्हना ना, सर." मग मागच्या बाकावरची एक शांत पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, ही वरात हाय ना? मग नवरीकडचं मानूस एकबी कसं न्हाई?"

एरवी सरांच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. त्या दिवशी ते खिडकीशी गेले, बाहेर हमरस्त्याकडे बघत राहिले आणि तास संपल्याची घंटा व्हायच्या आधीच "जा" म्हणाले.

मला कळलं. शाळेत सगळ्यांनाच माहीत होतं. सरांची एकुलती मुलगी वैशाली मिरजगावला दिलेली. नवरा नोकरीसाठी सुरतेला गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. सासरच्यांनी हिला सणाला म्हणून माहेरी पाठवली आणि न्यायला कुणी आलंच नाही. ती कोल्हारला हमरस्त्यावरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर काम करायची. आणि सर दर काही आठवड्यांनी नगरला जायचे, तिथून मिरजगावची एसटी धरायचे आणि व्याह्यांच्या ओट्यावर बसून यायचे. "नांदवायला घेऊन जा" एवढंच सांगायला. पोरीचा बाप म्हणून त्यांना तेवढंच सुचत होतं.

आणि मग चित्राचा अर्थ. इतर सगळे अर्थ रोज बदलायचे, एक बदलायचा नाही. "या चित्राचा जीव त्या जहाजात आहे," ते म्हणायचे. "लहान आहे, पण दिसतंय ना? दिसतंय तोवर ते परत फिरू शकतं. म्हणून तर तिचा हात अजून तिकडे आहे."

एकदा मी न राहवून बोलले, "सर, पाचशे वर्षं ते तिथंच आहे. परत आलेलं नाही."

"बुडालेलं पण नाही, मॅडम," ते म्हणाले आणि चहा शोधायला निघून गेले.

वैशाली बापासारखीच उंच, पण बोलायला मोजकी. मी शाळेच्या बॅनरसाठी तिच्या दुकानात जायची तेव्हा तिचं काम बघत बसायची. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. तिचं खरं कसब फोटोतली माणसं काढून टाकण्यात होतं. आमच्याकडे गट बदलला की पहिली बातमी फ्लेक्सवाल्याला. काल ज्याच्या खांद्यावर हात टाकून गावचे पुढारी भाऊ हसत होते, तो आज नकोसा झालेला. कार्यकर्ते यायचे, "ताई, ह्याला काढा आन् ह्याला घाला." वैशाली त्या माणसाला उचलायची, त्याच्या मागचं आभाळ दोन्हीकडून ओढून भोक बुजवायची आणि भाऊंचा अधांतरी राहिलेला हात नव्या माणसाच्या खांद्यावर बसवायची. मी विचारलं, "आधी कुणी होतं हे कळत नाही?" ती म्हणाली, "ज्याला माहीत असतं त्यालाच कळतं, मॅडम."

त्या वर्षी हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. शाळेत चित्रांचं प्रदर्शन ठरलं आणि सरांनी हट्ट धरला की फाटकापाशी तेच चित्र मोठ्या फ्लेक्सवर लावायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "लावा, पण देवाच्या अंगावर कपडे घाला. पालक येणार आहेत." बरीच वादावादी होऊन शेवटी देवाचा शेला थोडा लांब करायचं ठरलं. काम वैशालीच्या दुकानात दिलं.

आणि त्याच आठवड्यात मिरजगावहून निरोप आला. सुरतेचं बिऱ्हाड मोडलं होतं. जावई गावी परतला होता. बैठक घेऊ, पोरीला नेतो, असं व्याह्यांनी कळवलं.

सर त्या दिवशी जमिनीवर नव्हते. प्रत्येकाला गाठून सांगत होते. मलाही दोनदा सांगितलं. "फिरलं ना, मॅडम? मी म्हणत नव्हतो?" मला आनंद व्हायला हवा होता, पण काही तरी टोचत होतं. मी विचारलं, "वैशाली काय म्हणते?" तो प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. म्हणाले, "ती काय म्हणणार? तिचंच घर आहे ते."

प्रदर्शनाच्या सकाळी फ्लेक्स लागला. फार देखणा झाला होता. शेला असा काही लांबवला होता की चित्रकारानंच काढला असावा. मुख्याध्यापक खूश, पोरं मोबाईलवर फोटो काढत होती. सर आले. खिशातून पुठ्ठा काढून डोळ्यासमोर धरला आणि इकडून तिकडे फिरवत डाव्या कडेशी थांबले. फ्लेक्सला नाक लागेल इतके जवळ गेले. मग वळून म्हणाले, "जहाज कुठंय?"

तिथं नुसतं पाणी होतं. निळं, सलग, सुंदर पाणी.

"मॅडम, गाडी काढा," ते म्हणाले. माझ्या स्कूटीवर मागे बसून दुकानापर्यंत ते दुकानमालकाचा उद्धार करत होते. असल्यांना काय कळतं, डाग समजून पुसलं असेल, सगळ्या चित्राचं वाटोळं केलं. उतरल्या उतरल्या ते मालकावर तुटून पडले. तो बिचारा शाईच्या हातानंच उभा राहिला. आतून वैशालीचा आवाज आला.

"त्यांना काय बोलू नका, आप्पा. जहाज मी काढलंय."

सर दारातच थांबले. "चुकून?"

"चुकून कसं निघंल? लई येळ लागला त्याला. पानी जुळत नव्हतं."

"वैशू, अगं, पाचशे वर्षांचं चित्र हाय ते! त्या जहाजाबिगर त्याला अर्थच न्हाई. ती हात कुणाला दाखवतीय मग?"

"हात तिचा हाय. तिला पाहिजे तिकडं न्हेईल." ती खुर्चीतून उठली नव्हती. "तुमी समद्या गावाच्या पोरांना इचारता, ह्या चित्रात काय दिसतं. मला कवा इचारलंत?"

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. मग तिनंच सांगितलं, "मला जहाज दिसतच न्हाई, आप्पा. ते गेलं. तुमीच रोज दाखवता."

"आणि तो उडी मारणारा?" सरांनी विचारलं. एवढ्या सगळ्यात त्यांना हे विचारावंसं वाटलं.

"त्याचे पाय तर जमिनीला लागू द्या आधी. मग बघू."

आम्ही परत आलो तेव्हा पालक यायला लागले होते. सर फ्लेक्सपाशी उभे राहिले, कारण समजावून सांगायचं काम त्यांचंच होतं. एका शेतकरी बापानं विचारलं, "गुरुजी, ही बाई कुनाला हात करती?" सर म्हणाले, "बघतोय मी अजून." दिवसभर ते तेवढंच म्हणत होते. मधूनच मागे सरकायचे, पुन्हा जवळ जायचे, डावी कडा तळहातानं झाकायचे, मग हात काढून घ्यायचे. झाकण्यासारखं तिथं काहीच उरलेलं नव्हतं.

बैठक पुढच्या रविवारी सरांच्या घरी. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला मुद्दाम बोलावलं होतं. "तुमी असलात म्हंजे वैशूला बरं वाटंल." खरं म्हणजे त्यांनाच धीर हवा होता. मी आतल्या खोलीत त्यांच्याबरोबर बसले. वैशाली ओट्याशी चहा गाळत होती.

मिरजगावहून दोन गाड्या आल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून पुरुष बसले. व्याही, त्यांचे थोरले भाऊ, दोन-तीन भावकीतले. जावई नव्हता. सरांनी पाणी देता देता विचारलं, "जावईबापू कुठायत?"

"त्याला जरा काम निघालं," थोरले भाऊ म्हणाले. "त्याचं काय काम हितं? आपुन मोठी मान्सं हावोत की."

सर खोलीच्या मधोमध उभे. पाहुणे त्यांना बसा बसा म्हणत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते एकेका माणसाकडे बघत होते, मग रिकाम्या सतरंजीकडे, मग आतल्या दाराकडे, जिथं पडद्याआड आम्ही बायका होतो. थोरले भाऊ बोलायला लागले. झालं गेलं गंगेला मिळालं. पोरगा चुकला, पुरुषमानूस हाय, चुकतं. पोरीनंबी आता मान वर करून बोलू नये. दुकानाबिकानाचं खूळ सोडावं. बाईमान्सानं किती दिस म्हायेरी ऱ्हायाचं? आजच्याला चांगला दिस हाय, कपडे भरा, घिऊनच जातो.

वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या मनात काय होतं मला सांगता येणार नाही. पोरगी सासरी जावी असं त्यांनाही वाटत होतं आणि जाऊ नये असंही. मला मात्र एकच भीती होती, सर आता बोलायला लागतील. त्यांना कुठल्याही गोष्टीचा अर्थ लावता यायचा. याचाही लावतील, आणि तो अर्थ पोरीला जन्मभर पुरेल.

सरांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली, पुरुषांच्या बरोबर समोर ठेवली आणि पडदा बाजूला केला. "वैशू, भाईर ये. बस हितं."

"आवो, बैठकीत बायामान्सांचं काय काम?" थोरले भाऊ म्हणाले.

"तिचीच बैठक हाय," सर म्हणाले.

वैशाली पदराला हात पुसत बाहेर गेली. खुर्चीवर बसली. बसताना तिनं खुर्ची जरा मागे ओढली, त्याचा कर्रकन आवाज झाला. मग म्हणाली, "मी येनार न्हाई." पुढे काही स्पष्टीकरण नाही, रडणं नाही. खोलीत कुणालाच हे पुरेसं वाटलं नाही. थोरले भाऊ तिच्याकडे न बघता सरांकडे वळले. "गुरुजी, पोर हाय, बोलंल कायबी. तुमी शिकलेले. तुमचं काय म्हननं?"

सगळे सरांकडे बघायला लागले. मीही पडद्याच्या फटीतून बघत होते. सर म्हणाले, "माझं काय म्हननं न्हाई. इतकी वर्सं लई म्हनलो मी. तिनं सांगितलं त्येवढंच."

बरीच बोलाचाली झाली. आवाज चढले, कुणी सरांना "बायकांच्या मागं चालनारा" म्हणालं, कुणी चहा न पिता उठलं. गाड्या धूळ उडवत गेल्या. त्या वर्षअखेरीस सर निवृत्त झाले, माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत देवळाली प्रवरेला झाली. वैशालीनं नगरला भागीत स्वतःचं दुकान काढलं आणि सर-वहिनी तिच्याकडे राहायला गेले असं ऐकलं. माझी त्यांची भेट मात्र त्यानंतर नीट अशी झालीच नाही.

बैठकीच्या त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा बापलेक अंगणात होते. सर कप गोळा करत होते, वैशाली सतरंजी झटकत होती. त्यांना वाटलं मी गेले.

"वैशू," सर म्हणाले, "त्या समद्यांच्या म्होरं तुला बसवलं. चुकलं का गं माझं?"

इतक्या वर्षांत त्या माणसानं असा, उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. वैशालीनं सतरंजीची घडी घातली, ती छातीशी धरली आणि बापाकडे बघितलं.

"न्हाई, आप्पा," ती म्हणाली. "पर लई उशीर केला तुमी."

सरांनी हातातले कप पायरीवर ठेवले. मग म्हणाले, "व्हय." आणि तिच्या हातातली सतरंजी घेऊन ते आत गेले.